चौथ्या घटाचं पाणी

नव्या मातीच्या भांड्यातून कुत्रं पाणी पितं तेव्हा होणारा आवाज तुम्ही कधी निवांत ऐकला आहे का? जर्मन धातूच्या थाळीत तो आवाज उथळ, खडखडीत येतो. मातीच्या भांड्यात मात्र त्याला एक ओलसर गांभीर्य येतं. लप् लप् लप्, मग मध्येच थोडी उसंत, नाकातून सोडलेला एक फुस्कारा, आणि पुन्हा लप् लप्. त्या आवाजाबरोबर भिजल्या मातीचा वास येतो, भांड्याच्या अंगावर पाझरलेल्या थेंबांचा गारवा दूर बसूनही हाताला जाणवतो, आणि वैशाखातली रखरखीत दुपार क्षणभर आपला दरारा विसरते. आज मी खिडकीशी लिहीत बसले आहे आणि परसातून तो आवाज येतो आहे. उठून पाहावंसं वाटतं, पण मी उठत नाही. का उठत नाही हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं, आणि मागे जायला माझ्यापाशी आताशा वेळ भरपूर असतो.

मी मूळची साताऱ्याची. साताऱ्याला ऊन नसतं असं नाही, पण तिथे संध्याकाळ झाली की यवतेश्वराच्या बाजूनं वारा उतरतो आणि दिवसभराच्या तलखीबद्दल जणू माफी मागून जातो. सांगलीचं ऊन माफी मागत नाही. फाल्गुन सरता सरता ते अंगणात उतरतं, चैत्रात ओसरीवर चढतं आणि वैशाखात सरळ माजघरात ठाण मांडतं, न बोलावता आलेल्या आणि जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखं. कृष्णा आक्रसून घाटाच्या पायऱ्यांपासून लांब जाते, काळ्या रानांना भेगा पडतात, आणि दुपारी रस्त्यावर माणूस दिसलाच तर त्याच्या घरी काहीतरी अडचण असणार असं आपण समजतो. मुलींच्या शाळेतल्या नोकरीसाठी मी इकडे आले तेव्हा लोकांनी मला इथल्या हळदीचं कौतुक सांगितलं, वांग्यांचं सांगितलं, गणपतीच्या देवळाचं सांगितलं. उन्हाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या एकटीचं मी निभावून नेलं असतं. डोक्यावर ओला पंचा, हातात छत्री, एवढ्यावर माझं भागतं. पण माझ्याबरोबर सुभेदार होता, आणि तो अंगावर असा दाट लोकरीचा कोट घालून आला होता की जो काढून खुंटीला अडकवता येत नव्हता.

सुभेदार म्हणजे माझ्या भावाचा, वसंताचा कुत्रा. कासच्या पठाराकडच्या धनगराच्या वाड्यावरून सदऱ्याच्या आत घालून त्यानं ते केसाळ पिल्लू आणलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. नावाचं कारण विचाराल तर साधं आहे. वसंताला लहानपणापासून लष्कराचं वेड. पण आपल्याला कुणी फार वर चढवणार नाही याचीही त्याला पुरती जाणीव. म्हणून तो म्हणायचा, घरात एक तरी सुभेदार असावा. रोज सकाळी तो त्या पिल्लापुढे ताठ उभा राहून सलाम ठोकायचा आणि पिल्लू त्याच्या चपलेचा अंगठा चावायचं.

हा भाऊ माझ्याहून बराच लहान. मी न कळत्या वयात विधवा होऊन माहेरी परतले, त्याच सुमारास आई गेली, आणि वसंता माझ्या कडेवर आला तो तिथेच वाढला. ज्यांच्या नावानं माझं कुंकू पुसलं गेलं त्यांचा चेहराही मला आठवत नाही. वसंताचे दुधाचे दात कुठल्या कौलावर फेकले ते मात्र अजून आठवतं. पुढे वडील गेले, आणि आम्ही दोघंच उरलो. मग लढाई आली. मोटार चालवता येते एवढ्या भांडवलावर तो लष्करात भरती झाला. निघताना रडण्याचा वगैरे प्रसंग त्यानं येऊच दिला नाही. सुभेदाराच्या मानेत बोटं घालून खाजवत तो एवढंच म्हणाला, "अक्का, याला उन्हात ठेवू नको. बाकी तो काही मागत नाही."

सिंगापूर पडलं त्या वर्षी तार आली. तारेत एकच शब्द महत्त्वाचा होता, बेपत्ता. माणूस गेला म्हटलं की रडता येतं. आहे म्हटलं की वाट पाहता येते. या दोहोंच्या मध्ये हा जो शब्द आहे, त्यात माणसानं राहायचं कसं? सकाळी दार उघडताना तो असतो आणि रात्री कडी लावताना नसतो. पानावर बसलं की वाटतं, तो जेवला असेल का? आणि लगेच दुसरं मन म्हणतं, काय विचारते आहेस? पण देवापुढे दिवा लावताना मनाशी एक सौदा मात्र केला. त्याच्या या मुक्या जनावराला इथे मी उन्हात पडू देणार नाही. तिकडे, जिथे कुठे तो असेल तिथे, कुणीतरी त्याला उन्हात पडू देऊ नये. सौदा एकतर्फी होता, हे मला ठाऊक होतं. तरीही त्या दिवसापासून सुभेदाराचं जगणं ही माझ्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट झाली.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी मी सांगलीला आले. आगगाडीनं आणायचं तर कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या लोखंडी पेटीत कोंडावं लागतं. ते मला मानवलं नाही. म्हणून मोटारीनं निघाले. लढाईच्या दिवसांत मोटारी कोळशाच्या धुरावर चालत, दर चढाला त्यांना धाप लागे. कंडक्टर आधी कुरकुरला, "आवं बाई, ह्या जनावराचं बी तिकीट काडावं लागंल." मी काढलं. मग नाव विचारलं आणि सुभेदार म्हटल्यावर साऱ्या मोटारीनं हसून घेतलं. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं उठून त्याला सलामसुद्धा केला. इस्लामपूरला गाडी थांबली तेव्हा पाणपोईवरच्या माणसानं मला आधी पाणी देऊ केलं. मी कुत्र्याकडे बोट दाखवलं. त्याच्या भांड्यात कुत्र्यानं तोंड घालणं शक्य नव्हतं, म्हणून मी ओंजळ पुढे केली. तो वरून धार धरत राहिला आणि सुभेदार माझ्या हातातून पीत राहिला. "पिऊ द्या, पिऊ द्या. लय तान्हेला हाय त्यो," एवढंच तो म्हणाला.

सांगलीत मला ताईकाकूंच्या घरी मागच्या दोन खोल्या मिळाल्या. ताईकाकू घरमालकीण, माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या. जुन्या वळणाच्या विधवा, आलवण नेसणाऱ्या, सोवळ्याओवळ्याला कडक आणि जिभेला त्याहून कडक. एकटीला जागा हवी म्हटल्यावर त्यांनी लगेच हो म्हटलं. मागून कुत्रं आलेलं पाहून त्यांनी जो श्वास आत घेतला तो बराच वेळ बाहेर सोडला नाही. अटी ठरल्या. कुत्र्यानं उंबरा ओलांडायचा नाही, विहिरीच्या कट्ट्याशी जायचं नाही, त्यांची वळवटं-कुरडया वाळत असतील तिकडे पाहायचंही नाही. सुभेदारानं या अटी माझ्यापेक्षा चांगल्या पाळल्या. तो त्यांच्या दाराशी जाऊन बाहेरच बसायचा आणि त्या "हाड्" म्हणाल्या की शेपटी हलवायचा. ते त्याला आपलं दुसरं नाव वाटत असावं.

तुमच्या घरी मुकं जनावर असेल तर तुम्हाला हे ठाऊकच असेल की उन्हाळ्यात त्याचा सारा संसार सावलीवर चालतो. आणि सावली एका जागी राहत नाही. आमच्या परसाला पूर्वेकडून एक भिंत आणि मधोमध एक कडुनिंब. सकाळी भिंतीच्या कडेला ऐसपैस गारवा असतो. शाळा आटोपून येईपर्यंत तो भिंतीच्या पोटात नाहीसा झालेला असतो. मग निंबाखाली, मग दुपार कलली की निंबाच्या पलीकडे, मग घराच्या आडोशाला. माणसं एकदा सावलीत बांधून निघून जातात आणि समजतात, झालं काम. पण बांधलेल्या जनावराला सावलीमागे जाता येत नाही. म्हणून मी त्याला बांधतच नसे. माझी शाळा सकाळची होती; घरी आले की पहिलं पाहायची ते तो कुठे पडला आहे ते. ओलं गोणपाट जमिनीवर अंथरायचं, ते सुकलं की पुन्हा भिजवायचं. पाण्याचं भांडं त्याच्यामागून सावलीतून सावलीत सरकवायचं. फिरायला न्यायचं ते उजाडतानाच, कृष्णेच्या घाटावर; कारण उन्हं वर आली की त्या पायऱ्यांवर आपल्याला हात टेकवत नाही, मग त्यानं पाय कसे टेकवायचे? दुपारी मऊ ताकभात, तोही थोडा. संध्याकाळी कानांच्या पाळ्या उलटून गोचीड पाहायचे आणि निंबाचा पाला घालून उकळून निवलेल्या पाण्यानं अंग पुसायचं. धान्य मापून मिळण्याचे ते दिवस; शेजारपाजारचे लोक म्हणत की बाईंना माणसांपेक्षा कुत्र्याचं जास्त. खरंच होतं ते. माझ्याजवळ माणूस होतंच कुठे?

एका दुपारी तो जीभ लांब काढून धापा टाकत होता. ताईकाकू खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "इंदू, याचे केस काढून टाक ना. न्हाव्याला बोलाव. मोकळं वाटेल त्याला." आणि बोलता बोलता त्यांचा हात नकळत पदराखाली स्वतःच्या डोक्यावरून फिरला. मोकळं वाटेल. माझ्या वडिलांनाही लोक हेच सांगत होते, माझ्याबद्दल. त्यांनी ऐकलं नाही म्हणून माझी वेणी राहिली. जवळ बसून सुभेदाराच्या त्या दाट केसांत बोटं खुपसली. वरचे केस तापलेले होते, आतलं कातडं मात्र थंड होतं. देवानं त्याला दिलेला तो कोट नव्हता, छत्री होती. मी ताईकाकूंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं." त्यानंतर केसांची गोष्ट त्यांनी कधी काढली नाही.

सांगलीतला दुसरा उन्हाळा आला. अक्षय्य तृतीया जवळ आली. त्या दिवशी आपल्याकडे उदककुंभ देतात, हे मी सांगायला नको. नवा मातीचा घट, त्यात वाळा आणि चंदन घातलेलं गार पाणी, वर एखादा आंबा. आणि गेलेल्या माणसाचं नाव-गोत्र उच्चारून तो दान करायचा, म्हणजे या वणव्यात त्या जिवाला तहान लागणार नाही. मी दर वर्षी तीन घट देत असे. एक आईचा, एक वडिलांचा, आणि एक ज्यांचा चेहरा आठवत नाही त्यांचा. शेवंता कुंभारीण पाटी घेऊन दाराशी आली. बोटाच्या पेरानं एकेक घट वाजवून दाखवत म्हणाली, "बाई, औंदा ऊन लय हाय. किती काडू?"

मी तीन म्हणणार तोच मागून ताईकाकूंचा आवाज आला. "चार काढ, शेवंता."

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं, ताईकाकूंकडे पाहिलं आणि चार घट ओळीनं ठेवून निघून गेली. ताईकाकू माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा आवाज एरवी कधी नव्हता एवढा मऊ होता. "रागावू नकोस गं. तो असला तर आपल्या घोटभर पाण्यानं त्याचं काही अडत नाही. पण नसला तर? तुझ्याशिवाय त्याला पाणी देणारं आहे कोण?"

त्यांना दुष्ट म्हणू नका. त्यांच्या घटांची ओळ माझ्या ओळीपेक्षा लांब होती आणि त्या ओळीतल्या प्रत्येकाची तहान त्यांना खरोखर लागत होती. म्हणूनच ते बोलणं माझ्या काळजाला भिडलं. तो जिवंत असेल आणि मी त्याचं नाव गेलेल्यांच्या नावात उच्चारलं, तर माझ्याच हातांनी मी त्याला उंबऱ्याबाहेर लोटलं, असं झालं नाही का? आणि तो नसेल, आणि माझ्या हट्टापायी त्याचं नाव घेतलं गेलं नाही, तर ज्याला लहानपणी रात्री उठून पाणी पाजलं त्याला मीच तहानेला ठेवलं. दोन्हींतली कुठली चूक धाकटी? हे मी कुणाला विचारणार होते? मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तृतीयेच्या सकाळी घट मात्र चार भरले.

भटजी सोवळ्यात परसातूनच येणार होते, त्यामुळे सुभेदाराला बांधणं भाग होतं. भिंतीच्या कडेला तेव्हा भरपूर सावली होती. तिथल्या खुंटीला त्याला बांधला, जवळ पाणी ठेवलं. भटजी लवकर येतो म्हणाले होते. पण त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी घट होते आणि भटजी एकच. ते आले तेव्हा ऊन माथ्यावर येत चाललं होतं. आम्ही पाटावर बसलो. वडिलांचं नाव झालं, आईचं झालं, तिसरंही झालं. सकाळपासून तोवर परसातून सुभेदाराची धाप ऐकू येत होती. ती ऐकण्याची मला इतकी सवय होती की माझ्या स्वतःच्या श्वासाकडे माझं जेवढं लक्ष असेल तेवढंच तिच्याकडे.

भटजींनी चौथ्या घटावर हात ठेवला आणि विचारलं, "नाव?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. भटजी थांबले. ताईकाकू खाली पाहत होत्या. घरात अगदी शांत झालं, आणि त्या शांततेत मला कळलं की बाहेरही शांत आहे. धाप ऐकू येत नव्हती.

मी उठून धावले. भिंतीची सावली केव्हाच सरली होती. पाण्याचं भांडं कलंडलेलं होतं, दावं ताणून तो निंबाकडे जेवढा सरकता येईल तेवढा सरकला होता आणि तिथेच एका कुशीवर आडवा पडला होता. जीभ काळीनिळी, तोंडाशी घट्ट फेस, डोळे उघडे, पण त्यांत मी कुठेच नव्हते. दावं सोडायला मला जमेना. ते मी कसं तोडलं आठवत नाही. ओढत त्याला ओसरीच्या कडेला आणला आणि पाणी, पाणी म्हणून ओरडले. विहीर परसाच्या पार टोकाला होती. घरातलं सगळं पाणी त्या सकाळी घटांत होतं.

ताईकाकू बाहेर आल्या. सोवळं नेसलेल्या, आणि दोन्ही हातांत चौथा घट. त्यांनी वरचा आंबा बाजूला ठेवला, माझ्या शेजारी खाली बसल्या आणि ते पाणी त्याच्या पोटावर ओतू लागल्या; मग मांड्यांच्या आत, मग पंजांवर, मग कानांवर, हळूहळू, एक थेंब वाया न घालवता. ज्या हातांनी त्याला कधी शिवायचं नाही असं ठरलं होतं, त्या हातांनी त्या त्याचे केस दुभंगून पाणी आत कातड्यापर्यंत पोहोचवत होत्या. ओसरीभर वाळ्याचा आणि चंदनाचा वास सुटला. भटजी दारात आले, एक क्षण पाहत राहिले, आणि आत जाऊन दानाच्या तबकातला पंखा आणून त्यांनी माझ्या हातात दिला. मी वारा घालत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. वसंताचा विचारसुद्धा तेव्हा मनात आला नाही, हे खरं सांगते. मग सुभेदाराच्या बरगड्या एकदा खोल हलल्या. पुन्हा हलल्या. पंजावरून ओघळलेल्या एका थेंबाशी त्याची जीभ आली आणि तिनं तो टिपला.

ताईकाकूंनी घट पालथा करून राहिलेलं पाणी त्याच्या तोंडाशी सोडलं. म्हणाल्या, "ज्याचं पाणी त्याला पोचलं."

दारातून भटजींनी हलक्या आवाजात विचारलं, "मग चौथं नाव?"

"तीनच आहेत, भटजी," ताईकाकू म्हणाल्या. "आटपा. तुम्हालाही ऊन लागतंय."

मग त्या विहिरीवर गेल्या, भर दुपारी पुन्हा आंघोळ केली, आणि त्या सगळ्याबद्दल नंतर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सुभेदार पुन्हा त्यांच्या दाराशी बसू लागला आणि त्या पुन्हा "हाड्" म्हणू लागल्या. मी मात्र त्या रात्री पहिल्यांदा पोटभर रडले. कुणासाठी रडले ते मी स्वतःला विचारलं नाही. जो तिकडे होता किंवा नव्हता, त्याच्या नावाचं पाणी त्याच्या कुत्र्याच्या पोटात गेलं होतं. तो असेल तर त्यात अपशकुन काही नाही, आणि नसेल तर तहान उरली नाही. कुठल्या पोथीत हे बसेल मला माहीत नाही. माझ्या मनात ते नीट बसलं.

पुढच्या वर्षी शेवंतानं, भटजींकडून तिला कळलं असावं, आपण होऊन चौथा घट रुंद तोंडाचा आणला. "त्याचं तोंड आत ग्येलं पायजे न्हवं?" एवढंच म्हणाली. तो निंबाखाली ठेवायचा, कुणाचं नाव घ्यायचं नाही, आणि सावलीबरोबर सरकवत राहायचं. हा आमचा नवा आचार झाला.

लढाई संपली. माणसं पत्र्याच्या ट्रंका घेऊन परत आली. सातारा जिल्ह्यातल्या गावागावांत मोटारी थांबल्या की बायका धावत सुटत. आमच्या दारी कुणी आलं नाही. वसंताच्या बरोबरचा एकजण वडूजला परतला आहे असं कळलं, तेव्हा मी तिकडे गेले. उघडंबोडकं माळरान, आणि त्यात बसलेला तो वाळलेला माणूस. तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "न्हाई सांगता येत, बाई. आमाला दुसरीकडं न्हेलं, तवा त्यो तितंच हुता. मागारी वळून बगितलं, तर उबा हुता."

विचारायचं तर कितीतरी होतं. मी एकच विचारलं, "उन्हात?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "न्हाई," तो म्हणाला. "झाडाखाली हुता. सावलीत." हे खरं होतं की माझा चेहरा पाहून त्यानं केलेली दया होती, हे मला कळलं नाही. मी ते खरं धरून घरी आले. त्यापुढे काही समजलेलं नाही, आणि तारेतला तो शब्द आजही जिथल्या तिथे आहे.

गेल्या थंडीत सुभेदार गेला. म्हातारा झाला होता. डोळ्यांवर पांढरट पडदा आला होता, पण पावलं ओळखायचा. थंडीत त्याला ऊन आवडे, आणि थंडीपुरती वसंताच्या सांगण्यातून मी त्याला सवलत दिली होती. भिंतीलगतच्या कोवळ्या उन्हात तो झोपला होता, मी शाळेतून आले तरी उठला नाही. जवळ जाऊन केसांत बोटं घातली, तेव्हा वरचे केस उबदार होते आणि आतलं कातडं थंड. या खेपेस ती थंडी निराळी होती. त्याला निंबाखाली पुरलं. घर एवढं मोठं आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. दोन खोल्यांत किती शांतता मावते, ते एकटं राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि आता पुन्हा वैशाख. परवा शेवंता आली. तीन घट काढून ठेवले आणि जरा घुटमळली. "कुत्रं ग्येलं न्हवं, बाई? मंग चवथा कशापायी?" मी म्हटलं, दे. तिनं पाटीच्या तळातून रुंद तोंडाचा घट काढला. आणलेला होताच. तृतीया झाली. तीन नावं घेतली गेली. चौथा मी वाळा घालून निंबाखाली नेऊन ठेवला आणि खोलीत येऊन बसले, आणि मग मला कळेना की आता तो सरकवायचा कुणासाठी. काल दुपारपर्यंत तो तिथेच होता. आज शाळेतून आले, जेवले, लिहायला बसले, आणि ऊन कललेलं पाहून सवयीनं उठून डोकावले. तर घट आपल्या जागी नव्हता. निंबाच्या पलीकडे, जिथे सावली गेली होती तिथे, तो सरकलेला होता, आणि काठोकाठ भरलेला होता. तापलेल्या फरशीवर ताईकाकूंच्या ओल्या पावलांचे ठसे होते, बघता बघता वाळून जाणारे. मी परत येऊन बसले.

त्यानंतर थोड्या वेळानं हा आवाज सुरू झाला. लप् लप् लप्, उसंत, एक फुस्कारा, पुन्हा लप् लप्. रस्त्यावरचं एखादं कुत्रं कुंपणातून आत आलं असणार, हे मला कळतं. उठले तर चाहूल लागून ते पळेल, तहान अर्धी ठेवून. आणि खरं सांगायचं तर, जोवर पाहिलेलं नाही तोवर तो कोण आहे हे ठरलेलं नाही, आणि न ठरलेल्या गोष्टींबरोबर राहायला मी आता शिकले आहे. मी फक्त ताईकाकूंच्या "हाड्"ची वाट पाहते आहे. त्यांच्या खिडकीची कडी वाजली. आता ओरडतील. मी इथूनच म्हणाले, "ताईकाकू, कुणाचं तरी कुत्रं शिरलंय हो आत."

खिडकीतून "हाड्" आलं नाही. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू, त्याला ऐकू जाऊ नये असा.

"पिऊ दे गं. कुणाचा तरी असेल."